रिचर्ड ब्राइट : चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पाय सुजलेले, लघवीला फेस. असा रुग्ण ओपीडीत आला की आम्ही आधी त्याची लघवी तपासतो. या साध्या तपासणीचे महत्त्व वैद्यकाला पटवून दिले ते डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी.

ब्राइट यांचा जन्म १७८९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात एका सधन घरात झाला. एडिंबरा येथे शिकून १८१३ मध्ये ते डॉक्टर झाले. आइसलँड, हंगेरी असा प्रवास केला आणि १८२० पासून लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रमले.

त्या काळी अंगावरची सूज हाच एक आजार मानला जाई. ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी ती गोठली, तर तिच्यात प्रथिने आहेत हे उघड होई. रुग्ण दगावल्यास ते शवविच्छेदन करत आणि मूत्रपिंडे खराब झालेली आढळत. सूज, प्रथिने आणि मूत्रपिंड यांचे हे नाते त्यांनी १८२७ मध्ये ग्रंथातून मांडले. पुढे या विकाराला ‘ब्राइटचा आजार’ असे नावच पडले.

१८४२ मध्ये त्यांनी खास या रुग्णांसाठी ४२ खाटांचे दोन वॉर्ड सहा महिने चालवले. शेजारीच प्रयोगशाळा होती. निदान पक्के होत गेले, पण उपचार म्हणजे रक्त काढणे, जुलाब देणे, घाम आणणे. त्यांनी मूळ रोग हटत नसे. १८५८ मध्ये ब्राइट यांचे निधन झाले.

त्या एका नावाखाली अनेक रोग होते, हे नंतर कळले. त्यांतल्या काहींत शरीराची प्रतिकारशक्तीच मूत्रपिंडाच्या गाळणीवर उलटते. ल्युपस नेफ्रायटिस आणि आयजीए नेफ्रोपॅथी हे त्यांतलेच. आज त्यांवरील नवी औषधे चाचणीत उतरतात, तेव्हा रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडतात. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत नवे औषध, दुसऱ्याला त्याच उपचारांसोबत औषध नसलेली तशीच गोळी. मग लघवीतील प्रथिने किती घटली, क्रिएटिनिन किती वाढले, याची तुलना होते. म्हणजे ब्राइट यांच्या चमच्यात जे दिसे, तेच आजही मोजले जाते.

हे आजार बरेचदा दुखत नाहीत, म्हणून रुग्ण उशिरा येतात. सूज किंवा फेस दिसला तर लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. स्टेरॉइड चालू असेल तर सूज ओसरली म्हणून ते मनाने बंद करू नका. चाचणीत सहभागी व्हायचे असेल, तर संमतीपत्र समजून घेतल्याशिवाय सही करू नका. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे.