प्लेगाचा वाहक शोधून काढणारे डॉ. पॉल-लुई सिमों

थोर पुरुषांची चरित्रे लिहावयास बसले म्हणजे राजे, सेनापती व ग्रंथकार ह्यांचीच नावे प्रथम डोळ्यांपुढे उभी राहतात. ह्या खेपेस आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या मातापित्यांपुढे एका वैद्याचे चरित्र ठेवीत आहो. काचेच्या बरणीत ठेवलेल्या दोन उंदरांचे अंत डोळ्यांत तेल घालून पाहणे हाच ह्या गृहस्थांचा सर्वांत मोठा पराक्रम होय. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव अजरामर झाले असले, तरी ज्या प्रांतास त्यांच्या शोधाची सर्वाधिक गरज होती त्या आमच्या प्रांतात ते फारसे कोणाच्या ओठी नाही.

पॉल-लुई सिमों ह्यांचा जन्म ३० जुलै १८५८ रोजी फ्रान्स देशाच्या द्रोम प्रांतातील बोफोर ह्या लहानशा गावी झाला. बोर्दो येथील वैद्यकीय विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८८२ ते १८८६ पर्यंत ते दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना ह्या वसाहतीत होते. तेथे त्यांस महारोग्यांची दैना जवळून पाहावयास मिळाली व पीतज्वराचा प्रसाद स्वतःच्या अंगी भोगावा लागला. पुढे पूर्वेकडील देशांत त्यांनी चाकरी केली, आणि मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते जंतुशास्त्राच्या अभ्यासास लागले.

इकडे १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पाहता पाहता ती आग सर्व इलाख्यात पसरली. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांनी ह्याच रोगाने देह ठेवला. त्याच वर्षी झडत्यांच्या जुलमाने लोक चवताळले आणि रँडचा वध झाला. कोल्हापूर संस्थानातही साथ आली. उंदीर पडले, हे दोन शब्द जुन्या पिढीच्या तोंडून ज्यांनी ऐकले असतील, त्यांस त्यांतील धास्ती निराळी सांगावयास नको. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचे आणि माळावर झोपड्या घालून राहावयाचे, हे अडाणी म्हटल्या गेलेल्या कुणब्यासही ठाऊक होते.

हे लोकांस ठाऊक होते, परंतु सरकारास त्याचा अर्थ लागत नव्हता. १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सँ ह्यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. उंदरांतही तोच जंतू सापडे. पण उंदराच्या देहातून तो माणसाच्या देहात कोणत्या वाटेने शिरतो? कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे जमिनीतून, कोणी म्हणे धान्यातून. म्हणून घरे धुवावयाची, छपरे उघडावयाची, सामान जाळावयाचे आणि माणसांस धरून छावणीत न्यावयाचे, असा क्रम चालला होता. शत्रू कोण हे न कळता चाललेली ही लढाई शेवटी प्रजेशीच झाली, असे आम्हांस वाटते.

अशा वेळी, १८९७ साली, पाश्चर इन्स्टिट्यूटने सिमोंना येर्सँ ह्यांची लस टोचण्याच्या कामी मुंबईस धाडले. ते काम करीत असता त्यांची नजर मात्र दुसरीकडेच जात होती. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले, तो जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा पडलेला. वीस मजुरांस ते उंदीर उचलावयास लावले. तीन दिवसांच्या आत त्यांपैकी दहाजणांस प्लेग झाला. कारखान्यातील इतर कोणासही तो झाला नाही. आमच्या इचलकरंजीत माग आहेत, सुताची गोदामे आहेत आणि अर्थात उंदीरही आहेत. तेव्हा हा प्रसंग आमच्या वाचकांस डोळ्यांपुढे आणणे कठीण पडू नये.

सिमोंच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारा दगावतो, पण मरून बराच काळ लोटलेला उंदीर हाताळणाऱ्यास काही होत नाही. शिवाय काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीक फोड दिसे. त्यातील पाण्यात प्लेगचे जंतू आढळत. हा फोड कशाचा? कोणत्या तरी किड्याच्या दंशाचा, असा त्यांस संशय आला. निरोगी उंदीर आपले अंग स्वच्छ ठेवतो, त्यामुळे त्याच्यावर पिसवा थोड्या. आजारी उंदराच्या अंगी तेवढे त्राण नसते, म्हणून त्याच्यावर त्या पुष्कळ. तो मरून थंड झाला की त्या त्यास सोडून दुसरे ऊब असलेले शरीर शोधतात. अशा पिसवा चिरडून पाहिल्या, तो त्यांत जंतू!

संशय खरा करून दाखविणे शिल्लक होते. २ जून १८९८ रोजी कराचीच्या रेनॉल्ड्स हॉटेलात त्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग मांडला. प्लेगच्या घरात धरलेला एक आजारी उंदीर त्यांनी तळाशी वाळू घातलेल्या मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावरच्या पिसवा पुरेशा वाटेनात, म्हणून हॉटेलाभोवती हिंडणाऱ्या एका मांजराच्या पिसवाही त्यात सोडल्या. नंतर एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा आत टांगला. दोघांचा परस्परांस स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसू मात्र उडी घेऊन जाळीपार जाऊ शके. पहिला उंदीर मेला. दुसरा चार दिवस ठणठणीत होता. पाचव्या दिवशी त्याची हालचाल मंदावली आणि सहाव्या दिवशी तोही गेला. त्याच्या शरीरात गाठी आल्या होत्या आणि सर्वत्र जंतू भरले होते. उलटपक्षी, पिसवा नसलेल्या आजारी उंदराच्या संगतीस ठेवलेले उंदीर निरोगी राहिले. एवढे साधन आणि एवढा निष्कर्ष! आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही ह्याहून अधिक काच आहे.

त्याच वर्षी सिमोंनी आपला निबंध प्रसिद्ध केला. पण सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने तो विचारात घेण्याजोगाही मानला नाही. मार्सेय येथे दोघा फ्रेंच वैद्यांनी काही वर्षांनी तोच प्रयोग करून तोच परिणाम दाखविला, तरी मन वळेना. अखेर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत कॅप्टन लिस्टन ह्यांनी गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडतात हे दाखविले. १९०५ साली नव्याने नेमलेल्या संशोधकांनी परळास लहान झोपड्या बांधून त्यांत गिनीपिग ठेवले. जमिनीजवळच्या पिंजऱ्यांतील मेले. दोन फूट उंच टांगलेले वाचले, कारण पिसवेची उडी तेथवर पोहोचत नाही. १९१४ साली बेकट व मार्टिन ह्यांनी ह्या दंशाचे मर्मही उकलले: जंतूंमुळे पिसवेच्या अन्नमार्गात बूच बसते, भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि जखमेत जंतू ओकते. सिमोंचे म्हणणे मान्य होईपर्यंत जी वर्षे गेली, त्यांत लाखो माणसे मेली. ह्या साथीने हिंदुस्थानात एकंदर एक कोटीहून अधिक बळी घेतले. वेळीच कान दिला असता तर त्यांतील किती वाचली असती, हा हिशेब कोणी मांडावा?

ह्या शोधाची वाट पुढे दूरवर गेली. लाखाहून अधिक उंदीर मुंबईत पकडून तपासले गेले, आणि उंदराचे प्रेत हे साथीचे आगाऊ वर्तमानपत्र आहे असे शास्त्रज्ञ मानू लागले. प्लेगचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. त्याहून कितीतरी सूक्ष्म असे विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. कोरियातील डॉ. ली हो-वांग ह्यांनी १९७६ साली रानउंदराच्या फुप्फुसाच्या तुकड्यांवर रोग्यांच्या रक्तातील द्रव सोडून, उजळणाऱ्या ठिपक्यांवरून हंता विषाणू ओळखला. आता उंदराच्या काळजाचा वा फुप्फुसाचा कण घेऊन त्यातील विषाणूचे बीजद्रव्य पीसीआर यंत्राने वाढवून ओळखता येते. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर पडल्याची वार्ता आली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष पुन्हा ह्या प्राण्याकडे वळले होते.

सिमों मात्र १८९८ सालीच हिंदुस्थान सोडून सायगावच्या पाश्चर इन्स्टिट्यूटवर गेले होते. १९०१ पासून चार वर्षे त्यांनी ब्राझीलमध्ये पीतज्वर व डास ह्यांचा संबंध अभ्यासिला. महायुद्धापूर्वी काही काळ ते कॉन्स्टँटिनोपलच्या जंतुशास्त्र संस्थेत होते. त्यांस वनस्पतींचीही आवड होती. इंडोचीनच्या ऑर्किड फुलांची त्यांनी रेखाटलेली चित्रे आहेत. ३ मार्च १९४७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, आपल्या जन्मप्रांतातील व्हालांस शहरी त्यांचे देहावसान झाले.