सत्याची कसोटी : विल्यम जेम्स

खरें कोणतें व खोटें कोणतें हें ओळखावें कसें, हा प्रश्न मनुष्यास फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. त्याचें एक निराळेंच उत्तर देणारे अमेरिकन तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स ह्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद होईल.

जेम्स ह्यांचा जन्म ता. ११ जानेवारी १८४२ रोजीं न्यूयॉर्क शहरीं एका सधन कुटुंबांत झाला. प्रसिद्ध कादंबरीकार हेन्री जेम्स हे त्यांचे धाकटे बंधु. तारुण्यांत विल्यम ह्यांचें चित्त एका जागीं ठरेना. प्रथम ते चित्रकला शिकले. १८६१ सालीं हार्वर्ड येथें रसायनशास्त्राकडे वळले. पुढें वैद्यकाचा अभ्यास आरंभिला व तो मध्येंच थांबवून १८६५ सालीं लुई अगासी ह्या शास्त्रज्ञाबरोबर ब्राझील देशांत गेले. १८६९ सालीं ते डॉक्टर झाले. परंतु वैद्यकीचा धंदा त्यांनीं कधींच केला नाहीं.

ह्याच सुमारास त्यांची प्रकृति ढासळली व घोर निराशेनें त्यांस ग्रासलें. मनुष्य जर निसर्गनियमांच्या हातांतील बाहुलें असेल, तर सद्गुणांस व प्रयत्नांस अर्थ काय, ह्या विचारानें त्यांस जीवित असह्य झालें. १८७० च्या एप्रिल महिन्यांत रनूव्हिए ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचे विचार वाचून त्यांनीं निश्चय केला कीं, आपली इच्छाशक्ति स्वतंत्र आहे असें मानूनच यापुढें वागावयाचें. प्रकृति एका दिवसांत सुधारली नाहीं. पण पाऊल पुढें पडलें. १८७३ सालीं ते हार्वर्डमध्यें शिकवूं लागले. मानसशास्त्रावरील त्यांचा प्रचंड ग्रंथ बारा वर्षांच्या परिश्रमानंतर १८९० सालीं प्रसिद्ध झाला.

१८९८ सालीं कॅलिफोर्नियांतील एका व्याख्यानांत त्यांनीं फलप्रामाण्यवाद पुढें मांडला, व त्याचें बीज आपले मित्र चार्ल्स पर्स ह्यांचें आहे, असें मोकळेपणानें सांगितलें. १९०७ सालीं त्याच विषयावरील त्यांचें पुस्तक निघालें. दोन मतांत वाद पडला, तर त्यांमुळें अनुभवांत काय फरक पडतो हें आधीं पाहावें. कांहींच पडत नसेल, तर तो वाद केवळ शब्दांचा समजावा. सत्य ही कल्पनेवर जन्मतःच उमटलेली मुद्रा नव्हे. कल्पना अनुभवास उतरली म्हणजे ती खरी ठरते. गोठलेल्या तळ्यावरील बर्फ आपला भार सोसील, ही समजूत खरी कीं खोटी हें त्यावर पाऊल टाकल्यानेंच कळतें.

मग सोयीचें तेंच सत्य ठरेल, असा आक्षेप टीकाकारांनीं घेतला. १९०९ सालीं दुसरें पुस्तक काढून जेम्स ह्यांनीं त्यास उत्तर दिलें. वस्तुस्थितीचा अंमल त्यांस पूर्ण मान्य होता. बर्फ जाड असावा अशी कितीही इच्छा केली, तरी पातळ बर्फ पायाखालीं फुटणारच. मात्र जग अद्यापि पुरतें घडलेलें नाहीं, त्याचा कांहीं भाग मनुष्याच्या कृतीनें घडावयाचा आहे, असें ते मानीत. श्रद्धेनें बर्फाची जाडी वाढत नाहीं. परंतु श्रद्धेनें व प्रयत्नानें आपलें शील घडूं शकतें. १८७० सालचा त्यांचा निश्चय ह्याच जातीचा होता, व त्याचा पडताळा पुढील चाळीस वर्षांच्या कार्यानें आला.

ता. २६ ऑगस्ट १९१० रोजीं न्यू हॅम्पशायर प्रांतांतील चोकोरुआ येथें आपल्या घरीं ते निवर्तले. त्यांची विचारपरंपरा जॉन ड्यूई ह्यांनीं पुढें नेली. आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ड्यूई ह्यांच्या हाताखालीं शिकलेल्यांत आपले डॉ. भीमराव आंबेडकर हेही होते. पुस्तकांत वाचलेलें तत्त्व आचरणांत उतरवून पाहावें, हाच ह्या चरित्राचा बोध होय.