लार्स लेक्सेल
लार्स लेक्सेल (२३ नोव्हेंबर, १९०७ - १२ जानेवारी, १९८६) हे स्वीडिश मेंदूशल्यविशारद व रेडिओसर्जरीचे जनक होते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत ते प्राध्यापक होते. कवटी न उघडता किरणांचे झोत मेंदूतील एकाच बिंदूवर एकवटण्याची कल्पना त्यांनी १९५१ मध्ये मांडली. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्या सहकार्याने त्यांनी कोबाल्ट-६० वर चालणारे गॅमा नाइफ हे यंत्र घडविले. १९७० मध्ये लाडिस्लाउ स्टायनर यांच्यासह त्यांनी या यंत्राने मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकृतीवर उपचार केले. अशा वाहिन्या बंद होण्यास साधारणतः दोन ते तीन वर्षे लागतात व तोवर रक्तस्रावाचा धोका कायम राहतो. काही रुग्णांत किरणांचे दुष्परिणाम अनेक वर्षांनंतर प्रकट होतात. त्यामुळे विकृती नाहीशी झाल्यावरही रुग्णांची दीर्घकाळ तपासणी आवश्यक मानली जाते.