बॅरिस्टर जयकर आणि लष्करी कायदा

पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून मुकुंदराव जयकर यांचे नाव विद्यार्थिवर्गाला ठाऊक असते. तेथील ग्रंथालयही त्यांच्याच नावाचे. परंतु त्यांच्या आयुष्यातील जे काम आजही अस्वस्थ करते, ते त्याहून पुष्कळ जुने आहे.

१८७३ साली जन्मलेले जयकर १९१९ मध्ये मुंबईतील नामांकित बॅरिस्टर होते. त्या वर्षी जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर पंजाबात लष्करी कायदा पुकारण्यात आला. त्याची चौकशी करण्यासाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्यासमवेत जयकरांनी काम केले. सतराशेहून अधिक जबान्या तपासून त्यांतील सुमारे साडेसहाशे प्रसिद्ध झाल्या. लाहोरच्या एका महाविद्यालयाच्या भिंतीवरील लष्करी जाहीरनामा फाटलेला आढळला, एवढ्यावरून तेथील विद्यार्थ्यांना, आणि प्राध्यापकांनाही, पकडून किल्ल्यापर्यंत पायी नेण्यात आले होते. अन्य महाविद्यालयांतील मुलांना भर उन्हात दिवसातून अनेकदा मैलोगणती चालत हजेरी द्यावी लागे. अमृतसरच्या एका गल्लीत तर रहिवाशांना सरपटत जाण्याचा हुकूम होता. खास न्यायमंडळांनी १०८ जणांना फाशी सुनावली. पुढे त्यांतील बहुतेकांची शिक्षा कमी करावी लागली, यावरूनच त्या न्यायाची प्रत कळते.

यापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे, चौकशीला आरंभ होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९१९ मध्ये, सरकारने अधिकाऱ्यांना अभय देणारा कायदा संमत करून घेतला. सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल दाद मागण्याचे दारच बंद झाले. पंजाबातील शिक्षांविरुद्धचे अपील १९२० साली प्रिव्ही कौन्सिलने फेटाळले. त्याच कौन्सिलच्या न्यायसमितीवर १९३९ मध्ये जयकर स्वतः नियुक्त झाले, हा दैवदुर्विलास म्हणावा की काळाचा महिमा?

मधल्या काळात हा कायदा महाराष्ट्राच्या दारी आला होता. मे १९३० मध्ये सोलापुरात तो लागू झाला आणि सुमारे सात आठवडे टिकला. तो उठल्यानंतर काही दिवसांतच जयकर व तेजबहादूर सप्रू येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी समेटाची बोलणी करीत होते.

जयकर घटना समितीत होते, पण १९४७ मध्येच बाहेर पडले. पुढे तयार झालेल्या राज्यघटनेच्या ३४ व्या कलमाने लष्करी कायद्याखालील कृत्यांना अभय देण्याची मुभा संसदेला दिली. सप्टेंबर १९५८ मध्ये आसाम व मणिपूरसाठी सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा कायदा झाला. त्यानुसार केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून जवानावर खटला भरता येत नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी, १० मार्च १९५९ रोजी, जयकर निवर्तले. तो कायदा ईशान्येच्या काही भागांत अजून लागू आहे.