नोकरी सोडून शिकायला गेलेला प्राध्यापक

दुसऱ्यांच्या मुलांची परीक्षा घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या शिक्षकांनाच आज पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ आली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा त्यांची नोकरी राहणार नाही. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. आमच्या पापडी-वसईत ख्रिस्ती संस्थांच्या शाळा जुन्या आणि मोठ्या. त्यामुळे इथे एकाच आळीतले दोन शिक्षक, एक धास्तावलेला आणि दुसरा अधांतरी, असे चित्र आहे. वीस-वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले लोक आता बालमानसशास्त्राची पुस्तके घेऊन बसले आहेत. कुणी संतापले आहे, कुणी रडकुंडीला आले आहे, तर कुणाला या वयात पुन्हा शिकण्याची लाज वाटते आहे.

अशा वेळी आपल्या समाजातील शिक्षकांनी एका प्राध्यापकाचे चरित्र नव्याने वाचावे. घटनेचे शिल्पकार, महामानव, बोधिसत्त्व म्हणून आपण ज्यांना वंदन करतो ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर पोटापाण्यासाठी काही वर्षे शिक्षक होते, आणि शिक्षक असतानाच उरलेल्या पदव्या पूर्ण करण्यासाठी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले होते, हे आपण जयंतीच्या भाषणांत फारसे सांगत नाही.

मुळात आंबेडकरांचे घरच शिक्षकाचे. वडील रामजी सकपाळ लष्करात होते. सैनिकांच्या शाळांसाठी शिक्षक तयार करणारे नॉर्मल स्कूल तेव्हा पुण्यात होते. रामजींनी तिथे शिक्षण घेऊन शिक्षकाची पदविका मिळविली आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली. म्हणजे या घरात आलेले पहिले प्रमाणपत्र शिक्षकाचे होते! ज्या समाजाला गावच्या शाळेच्या पडवीत बसायलाही जागा नव्हती, त्या समाजातला एक माणूस प्रशिक्षित मुख्याध्यापक होतो, आणि त्याचा १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला मुलगा पहाटे उठून अभ्यासाला बसतो, ही साखळी लक्षात घ्या. भीमराव १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए.ची परीक्षा पास झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. मुलाचे पुढचे शिक्षण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम.ए. झाले. पीएच.डी.चा प्रबंध तयार करून १९१६ साली लंडनला गेले. तिथे त्यांनी दोन दारे एकदम ठोठावली. एक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे, दुसरे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनचे. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, एवढी परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. माणूस आला, ग्रंथ समुद्रात गेले.

कराराप्रमाणे बडोद्याची नोकरी धरली तर तिथे काय झाले, हे आपल्याला पाठ आहे. राहायला जागा नाही, कचेरीत शिपाईही कागद लांबून टाकतो, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन हाकलले जाते. मुंबईत परत येऊन त्यांनी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तोही जात कळल्यावर बसला. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला तर ती दौलतच होती.

सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या प्राध्यापकाला फारसे मनावर घेतले नाही. अस्पृश्याचा पोर आम्हाला काय शिकविणार, हा भाव होता. पण तयारी एवढी कसून असे की काही दिवसांतच वर्ग भरू लागला आणि दुसऱ्या कॉलेजांतील मुलेही त्यांचे व्याख्यान ऐकायला येऊन बसू लागली. मात्र प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचे भांडे होते. त्या भांड्याला आंबेडकरांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. अमेरिकेतली एम.ए. पदवी, कोलंबियाचा प्रबंध, वर्गात मिळालेली मान्यता, हे सगळे त्या पाण्याच्या भांड्यापुढे थिटे पडले. पदव्या घेतल्या की जात सुटते असे ज्यांना वाटते त्यांनी ही खोली आठवावी.

पण याच ठिकाणी बाबासाहेबांचे वेगळेपण दिसते. पदवीने जात सुटत नाही हे अनुभवूनही त्यांनी पदवीची वाट सोडली नाही. घरखर्चाला ठराविक रक्कम द्यायची आणि बाकीचे पैसे लंडनसाठी शिल्लक टाकायचे, असे त्यांनी ठरविले. ती ठराविक रक्कम पुरवून पुरवून संसार ओढला तो माता रमाईंनी. याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, मूकनायक निघाला. आणि मार्च १९२० मध्ये प्राध्यापक आंबेडकरांनी सिडनहॅमचा राजीनामा दिला. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ दिलेले ५,००० रुपये, एवढ्या बळावर ते जुलैमध्ये पुन्हा लंडनला निघाले. वय एकोणतीस, घरी बायको आणि मुलगा, मागे पगार नाही. आजच्या कोणत्या शिक्षकाला हा हिशेब झेपेल?

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी दार उघडताच शिरायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही, असा क्रम होता. खाण्याची आबाळ होती, पैशांची चणचण होती. त्यांचे वास्तव्य असलेले किंग हेन्रीज रोडवरील घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले. त्या घरात आज लोक फुले वाहतात. तिथे शंभर वर्षांपूर्वी एक बिनपगारी प्राध्यापक अर्धपोटी वाचत बसत असे, हे फुले वाहताना विसरू नये.

१९२१ साली ते एम.एस्सी. झाले. प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी दिला. परीक्षकांना तो झेपला नाही, त्यांनी फेरफार करायला सांगितले. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, इथून प्रबंध दुरुस्त करून पाठविला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि १९२३ सालीच डी.एस्सी. मिळविली. कोलंबियाच्या पीएच.डी.ची कथा आणखी बोलकी आहे. प्रबंध कधीचा तयार होता, पण विद्यापीठाच्या नियमानुसार तो छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि १९२७ साली पदवी हाती आली. अभ्यास पुरा होऊनही कागद मिळायला दहा वर्षे लागली!

परत आल्यावर वकिली सुरू झाली, तरी शिकविणे सुटले नाही. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. १९२८ मध्ये गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात हंगामी प्राध्यापक झाले आणि जून १९३५ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या होत्या. नवऱ्याच्या पदव्यांची सर्वांत जड किंमत जिने मोजली, जिची चार लेकरे बालपणीच दगावली, ती माउली प्राचार्यपद पाहायला राहिली नाही. ते पद बाबासाहेबांनी १९३८ पर्यंत सांभाळले. केवळ खुर्ची उबविली नाही. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी १९३६ साली लेख लिहिला. त्याआधी १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला दिलेल्या उत्तरांत त्यांनी आग्रह धरला होता की विद्यापीठ हे नुसते परीक्षा घेणारे यंत्र असता कामा नये, तिथे अध्यापन आणि संशोधन झाले पाहिजे आणि शिक्षकाला त्यात अधिकाराचे स्थान पाहिजे. जन्मभर परीक्षा देणारा माणूस परीक्षेच्या यंत्राविषयी हे म्हणतो, याला वजन आहे.

पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज, हा इतिहास घराघरांत आहे. १९५२ साली कोलंबियाने आणि १९५३ साली उस्मानियाने त्यांना सन्मानाच्या पदव्या दिल्या. या दोन त्यांच्याकडे चालत आल्या. बाकीच्या सर्व त्यांनी चालत जाऊन आणल्या होत्या.

आता आपल्याकडे वळू. या चरित्राचा आधार घेऊन कुणी शिक्षकांना म्हणेल की बाबासाहेब उपाशी राहून शिकले, तुम्ही कुरकुर का करता? हे म्हणणे अर्धे खरे आणि अर्धे लबाडीचे आहे. खरे एवढ्यासाठी की शिकविणाऱ्याने शिकत राहिले पाहिजे. यात कमीपणा नाही. लबाडीचे यासाठी की बाबासाहेबांच्या पाठीशी सयाजीराव होते, शाहू महाराज होते, भथेनांसारखा मित्र होता. शिकू पाहणाऱ्याला त्या राजांनी पैसा दिला. आजचे लोकशाही सरकार काय देते? २००० साली शिक्षण सेवक योजना आणली आणि प्राथमिक शिक्षकाला महिना ३,००० रुपयांवर राबविले. ते मानधन १६,००० व्हायला २०२३ उजाडले. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, फी दुप्पट वर्षांची झाली. मग ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड.च पाहिजे. मजुरी करून ज्यांच्या आईबापांनी बी.एड.ची फी भरली त्यांनी कुणाकडे दाद मागायची? नेट-सेट, पीएच.डी. झालेले आपले तरुण तासिका तत्त्वावर राबत आहेत. कागद वाढत चालले, जागा आटत चालल्या.

आणि जिथे कागदालाच किंमत येते तिथे कागदाचा बाजारही भरतो. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन पात्र ठरलेले सात हजारांवर उमेदवार पुढे उघडकीस आले. ज्याने प्रबंधातला निष्कर्ष पदवीसाठी बदलला नाही, त्याच्या महाराष्ट्रात हे घडावे!

पापडीपासून सोपारा दूर नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उजेडात आणला. बौद्ध परंपरा सांगते की या शूर्पारकाच्या प्रदेशात धम्म शिकवायला निघालेल्या पूर्णाला तथागतांनी आधी प्रश्न विचारले होते. लोकांनी शिव्या दिल्या तर काय करशील, मारले तर काय करशील, जिवावर उठले तर काय करशील? त्याची उत्तरे ऐकून मगच त्याला निरोप मिळाला. शिक्षकाची पात्रता तपासणे हे आपल्या परंपरेला परके नाही. पण तिथे परीक्षा घेणारा स्वतः गुरू होता, त्यानेच आधी शिकविले होते. शिकविण्याची जबाबदारी न घेता नुसती परीक्षा घेणारे सरकार हे निराळे.

म्हणून आपल्या शिक्षक संघटनांनी दोन कामे एकाच वेळी केली पाहिजेत. सरकारपुढे मागणी ठेवावी की सेवेतल्या शिक्षकाला परीक्षेच्या तयारीसाठी भरपगारी रजा द्या, फी सरकारने भरावी, तालुक्याच्या ठिकाणी मोफत वर्ग घ्यावेत आणि तोवर अशैक्षणिक कामे काढून घ्यावीत. आणि मागणीचा निकाल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. टीईटीचा एक पेपर १५० गुणांचा असतो. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, मागासवर्गीयांना ५५ टक्के गुण लागतात. हे प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे. एकदा पास झाले की कायमचे. वसई-विरार पट्ट्यातील बुद्धविहारांची दारे संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका म्हणून उघडली, आधी पास झालेल्या तरुणांनी ज्येष्ठ शिक्षकांना गणित आणि बालमानसशास्त्र समजावून दिले, आणि त्या तीन तासांत घरचे काम घरातल्या पुरुषांनी उचलून शिक्षिका-भगिनींना मोकळे केले, तर एकही आपला शिक्षक घरी बसणार नाही. रमाईंनी एकटीने जे ओझे वाहिले ते आता एका बाईच्या डोक्यावर टाकू नका, समाजाने वाटून घ्या.

शिक्षक बंधू-भगिनींनो, पन्नाशीत पुस्तक हातात घ्यायला लाजू नका. आपला बाप एकोणतिसाव्या वर्षी प्राध्यापकाची खुर्ची सोडून विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसला होता. जयभीम!