रॉस्को आणि बुगांडाचा युद्धदेव

ज्या श्रद्धा मोडून काढण्यासाठी एखाद्याने परमुलखात जावे, त्याच श्रद्धांची सर्वांत तपशीलवार नोंद त्याच्याच हातून व्हावी, हा इतिहासातील विलक्षण विरोधाभास होय. रेव्हरंड जॉन रॉस्को (१८६१-१९३२) यांचे चरित्र याचे ठळक उदाहरण आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक म्हणून ते पूर्व आफ्रिकेत गेले आणि सुमारे पंचवीस वर्षे तेथे राहिले. व्हिक्टोरिया सरोवराकाठचे बुगांडा राज्य ही त्यांची प्रमुख कर्मभूमी.

केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांच्या प्रश्नावलीने त्यांच्या जिज्ञासेला शिस्त लागली. तेथील कुळे, आपल्याकडील देवकांची आठवण करून देणारी त्यांची कुलचिन्हे, विवाहाचे व अंत्यविधीचे आचार हे सारे त्यांनी टिपले. १९११ साली त्यांचा ‘द बगांडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९१९-२० मध्ये, व्हिस्कीचे कारखानदार पीटर मॅकी यांच्या देणगीतून निघालेल्या मोहिमेवर ते पुन्हा युगांडात गेले आणि शेजारच्या जमातींविषयी आणखी तीन ग्रंथ त्यांनी सिद्ध केले.

परंतु ‘द बगांडा’चे श्रेय एकट्या रॉस्को यांचे नव्हे. राज्याचे कातिकिरो, म्हणजे प्रधानमंत्री, अपोलो कागवा यांनी कुळांतील जाणत्या वृद्धांना बोलावून त्यांच्यापुढे बसविले. कागवांनी स्वतः लुगांडा भाषेत राजवंशाचा इतिहास आधीच लिहिला होता. युरोपच्या विद्वत्सभेत नाव गाजले ते मात्र रॉस्को यांचे.

याहून बोचणारी हकीकत युद्धदेव किबुका याची आहे. लढाईत पडलेल्या या वीराचे जबड्याचे हाड व इतर अवशेष देवळात पूजिले जात. रॉस्को यांच्यामार्फत ते केंब्रिजच्या संग्रहालयात पोहोचले; देवाचा नमुना झाला. १९६२ मध्ये, युगांडाच्या स्वातंत्र्याच्या वर्षी, ते मायदेशी परतले. २०२४ मध्ये केंब्रिजने आणखी ३९ वस्तू कंपालाला पाठविल्या, त्याही तीन वर्षांच्या उसनवारीवर!

रॉस्को यांनी लिहिले नसते तर बरेच काही विस्मृतीत गेले असते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एखाद्या समाजाची स्मृती लिहून ठेवणे आणि त्याचा ठेवा उचलून नेणे ही दोन भिन्न कृत्ये आहेत. पहिल्याविषयीच्या कृतज्ञतेने दुसऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही.