शहराचा कारभार आणि फिरोजशहा मेहता

सकाळी नळाला पाणी येते. बाजारपेठेतला कचरा कोणीतरी उचलून नेते. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागतात. मालवण असो, वेंगुर्ला असो की सावंतवाडी असो, ही कामे रोज होत असतात. ती नीट होत असली की आपल्या लक्षातही येत नाहीत. पाणी दोन दिवस आले नाही, की मात्र घरोघरी नगरपरिषदेचे नाव निघते.

ही कामे नगरपरिषदेची आहेत. त्यासाठी लागणारा पैसा घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान यांतून येतो. पैसा कोणत्या कामावर खर्च करायचा हे लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक ठरवतात. ठरलेले काम मुख्याधिकारी आपल्या कर्मचाऱ्यांकडून करून घेतात. ठरवणारे वेगळे आणि करणारे वेगळे, अशी ही व्यवस्था आहे. आज ती आपल्याला साधी वाटते. पण ती आपोआप आलेली नाही. मुंबई शहरात तिच्यासाठी अनेक वर्षे वादविवाद झाले. त्या वादात ज्यांनी आपले सारे आयुष्य घातले, त्या सर फिरोजशहा मेहता यांची ही हकिकत आहे.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८६४ साली ते एम. ए. झाले. त्या काळी ही पदवी मिळवणारे भारतीय बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांच्याशी त्यांचा परिचय वाढला. मुंबईचेच एक तरुण, बद्रुद्दीन तय्यबजी, याच सुमारास तेथे कायद्याचा अभ्यास करत होते. १८६८ साली फिरोजशहा बॅरिस्टर होऊन परत आले आणि मुंबईत वकिली करू लागले.

त्या वेळची मुंबई कशी होती? अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा आला आणि माणसेही आली. १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजारांवर भरली. गलबतांतून आणि आगबोटींतून आपल्या कोकणातली माणसेही पोट भरण्यासाठी मुंबईला जात होती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आजही कोणी काका, मामा, चुलते मुंबईला आहेत. त्यांना आपण चाकरमानी म्हणतो. चाकरमान्यांची ही वाट तेव्हापासूनची आहे.

माणसे वाढली, पण शहर त्यांच्यासाठी तयार नव्हते. गटारे उघडी होती. घरे दाटीवाटीची होती. स्वच्छ पाणी सर्वांना पुरत नव्हते. साथीचे रोग वारंवार येत. म्हणून १८६५ साली सरकारने नवा कायदा केला. शहराचा सारा कारभार एका आयुक्ताच्या, म्हणजे म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला. त्याच्या खर्चावर देखरेख ठेवण्याचे काम जस्टिस ऑफ द पीस या मंडळींकडे होते. हे जस्टिस म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक. त्यांना लोकांनी निवडून दिलेले नव्हते.

आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त झाले. ते धडाडीचे होते. त्यांनी रस्ते रुंद केले, गटारांची कामे हाती घेतली, मोठी मंडई बांधली. ही मंडई पुढे क्रॉफर्ड मार्केट या नावाने प्रसिद्ध झाली. आज तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. शहर सुधारू लागले, पण खर्चाला धरबंध राहिला नाही. कर वाढले आणि तरीही तिजोरीत खडखडाट झाला. कर भरणारे नागरिक खवळले. १८७१ साली जागोजागी सभा भरू लागल्या. क्रॉफर्ड यांना काढा, आयुक्ताचे पदच नको, अशी मागणी जोर धरू लागली.

आता विचार करा. तुम्ही त्या सभेत असता तर काय केले असते? पैसा उधळला गेला होता हे खरे होते. लोकांचा राग योग्य होता. अशा वेळी गर्दीच्या सुरात सूर मिसळणे सोपे असते.

फिरोजशहा तेव्हा २६ वर्षांचे होते. त्यांची वकिली नुकतीच सुरू झाली होती. लोकांना आवडेल तेच बोलण्यात त्यांचा फायदा होता. पण त्यांनी वेगळी भूमिका घेतली. धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी या प्रश्नावर एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. क्रॉफर्ड यांनी चुका केल्या असतील, पण त्यांनी शहरासाठी मोठी कामेही केली आहेत. खरा दोष एका माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. देखरेख करणारे जस्टिस लोकांना जबाबदार नाहीत, म्हणून हिशेब पाहणारे कोणी उरले नाही. एक आयुक्त काढून दुसरा आणला तरी हेच होईल. आणि आयुक्ताचे पदच काढून सगळी कामे एखाद्या समितीच्या हाती दिली, तर काम कोणाचे आणि चूक कोणाची हे कधी कळणारच नाही.

मग उपाय काय? काम करण्याचा अधिकार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्या. पण त्या अधिकाऱ्याला जाब विचारणारे सभागृह कर भरणाऱ्या लोकांनी निवडलेले असू द्या. पैसा मंजूर करण्याचा आणि हिशेब तपासण्याचा हक्क त्या सभागृहाला द्या. हा तो उपाय होता.

सभेला हे म्हणणे रुचले नाही. लोकांना क्रॉफर्ड यांचा बचाव तेवढा ऐकू आला. निवडणुकीची मागणी त्याहून मोठी होती, तिच्याकडे अनेकांचे लक्षच गेले नाही. तरुण बॅरिस्टरवर टीका झाली. पण त्यांनी आपले मत बदलले नाही.

१८७२ साली नवा कायदा आला. त्यानुसार महापालिकेचे ६४ सभासद ठरले. त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे होते. १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे होते आणि उरलेले १६ सरकार नेमणार होते. आयुक्ताचे पद कायम राहिले, पण त्याच्या खर्चावर सभागृहाची नजर आली. फिरोजशहांनी जी दिशा दाखवली होती, त्याच दिशेने हे पाऊल पडले होते. नव्या सभागृहात फिरोजशहा आले. १८७३ साली बद्रुद्दीन तय्यबजीही आले. पुढे १८७४ साली बद्रुद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था स्थापन केली. तुम्ही कधी मुंबईला गेलात तर पाहा. अंजुमनची इमारत आणि महापालिकेची इमारत एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

फिरोजशहा, बद्रुद्दीन आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग या तिघांची मैत्री मुंबईत प्रसिद्ध होती. एक पारशी, एक मुसलमान आणि एक हिंदू. तिघेही कायद्याचे जाणकार होते. शहराच्या प्रश्नावर धर्म आड येत नाही, हे त्यांनी आपल्या वागण्यातून दाखवले. गटार तुंबले की त्याचा त्रास सगळ्या गल्लीला होतो. १८८५ साली या तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था काढली.

१८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षे फिरोजशहा महापालिकेचे अध्यक्ष झाले. पण त्यांचे सर्वांत मोठे काम त्यानंतरचे आहे. सरकारने महापालिकेसाठी नव्या कायद्याचा मसुदा तयार केला. मसुदा म्हणजे कच्चा आराखडा. त्यात सभागृहाचे हक्क कमी होऊन आयुक्ताचे बळ वाढेल अशी कलमे होती. फिरोजशहा आणि तेलंग हे दोघेही तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांनी एकेका कलमावर सरकारशी वाद घातला. आरडाओरडा केला नाही. दप्तरे वाचली, आकडे मांडले, दुरुस्त्या सुचवल्या.

या मेहनतीतून १८८८ चा मुंबई महापालिका कायदा तयार झाला. सभासदांची संख्या ७२ झाली. त्यांपैकी ३६ जण करदात्यांनी निवडायचे ठरले. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त असे कारभाराचे तीन मुख्य आधार या कायद्याने पक्के केले. शहराचा कारभार सभागृहाचा, दैनंदिन अंमलबजावणी आयुक्ताची आणि पैशावर बारकाईने नजर स्थायी समितीची. अनेक दुरुस्त्या झाल्या, तरी हाच कायदा मुंबईत आजही चालू आहे. इतर शहरांनाही या रचनेचा उपयोग झाला. म्हणूनच फिरोजशहांना मुंबईच्या नागरी कारभाराचे जनक मानतात.

कायदा, हिशेब, मंजुरी, दप्तर, जबाबदारी. मुलांनो, या पाठात आलेले हे शब्द तुम्हाला घरचेच वाटले असतील. उर्दू आणि मराठी या दोन भाषांनी कारभाराचे बरेचसे शब्द वाटून घेतले आहेत. म्हणून असा पाठ वाचताना घाबरू नका.

पुढे फिरोजशहांचे नाव देशभर झाले. १८९० साली ते कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९०४ साली सरकारने त्यांना सर हा किताब दिला. तरी महापालिकेची सभा त्यांनी कधी लहान मानली नाही. शहराच्या पोलिसांचा खर्च महापालिकेने द्यावा असे सरकार म्हणत असे. ज्या पोलिसांवर महापालिकेचा ताबा नाही, त्यांचा खर्च तिने का द्यावा, असा फिरोजशहांचा सवाल होता. हा वाद बरीच वर्षे चालला. शेवटी १९०७ साली पोलिसांचा खर्च सरकारकडे गेला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखाने यांचा भार महापालिकेने उचलला.

याच १९०७ साली त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. सभागृहात त्यांचा शब्द फार चालत असे. त्यांच्यापुढे इतरांचे काही चालत नाही, अशी तक्रार होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. काही बडे सरकारी अधिकारी आणि त्यांचे मित्र एकत्र आले आणि त्यांना पाडण्यासाठी त्यांनी गट बांधला. जस्टिस मंडळींच्या १६ जागांची निवडणूक झाली. फिरोजशहा सतरावे आले. ज्या माणसाने निवडणुकीसाठी झगडा केला, तोच निवडणुकीत हरला! शहरभर खळबळ माजली. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड न्यायालयात रद्द ठरली आणि त्या जागी फिरोजशहा आले. पण यातून एक धडा मिळतो. माणूस कितीही मोठा असला तरी मतपेटीपुढे सर्वांसारखाच असतो. फिरोजशहांनी उभारलेली व्यवस्था त्यांनाही लागू होती.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या काळी मताचा हक्क फक्त ठरावीक कर भरणाऱ्यांना होता. गिरणीत राबणारा कोकणी कामगार, गोदीतला हमाल, चाळीत राहणारी बाई यांना मत नव्हते. घाणीचा त्रास सर्वांत जास्त त्यांनाच होता. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा दाट वस्तीतील गरीब हजारोंनी मेले. तरी कारभार कसा चालावा हे सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता. फिरोजशहांनी दार उघडले, पण ते अर्धेच उघडले. ते पूर्ण उघडायला पुढच्या पिढ्यांना झगडावे लागले. १९४८ साली मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. १९९२ साली राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली. तिने देशातील सर्व नगरपालिकांना घटनेचा आधार दिला आणि निदान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण पुढे निम्मे झाले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहांचे निधन झाले. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी शहराची सेवा केली. मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

पण त्यांनी घातलेला प्रश्न अजून संपलेला नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि नवी निवडणूक वेळेवर झाली नाही. पुढची काही वर्षे आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. ठरवणारेही तेच आणि करणारेही तेच. महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांचीही अशीच स्थिती होती. प्रशासक चांगला असेल, तर कामे होतातही. पण गल्लीतला नळ बंद पडला, तर माणसाने जाब कोणाला विचारायचा? १८७१ साली फिरोजशहांनी हाच मुद्दा मांडला होता. अधिकारी चांगला की वाईट, हा दुसरा प्रश्न आहे. त्याला विचारणारे कोणी आहे का, हा पहिला प्रश्न आहे.

मुलांनो, नागरिक होण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर घरपट्टीची पावती मागून घ्या आणि नीट वाचा. खेड्यात राहत असाल, तर ती ग्रामपंचायतीची असेल. त्यात कोणकोणते कर आहेत ते पाहा. आपल्या प्रभागाचे नगरसेवक किंवा पंचायतीचे सदस्य कोण आहेत ते वडीलधाऱ्यांना विचारा. ओला आणि सुका कचरा वेगळा करून आपल्या शेजारच्या वेंगुर्ला शहराने नाव मिळवले. तेथे घरोघरच्या माणसांनी हात लावला, तेव्हाच ते काम उभे राहिले.

आणि कधी एखादे काम बिघडले, सगळे जण एकाच माणसाला दोष देऊ लागले, तर क्षणभर थांबा. चूक माणसाची आहे की नियमाची, हे शोधा. नियमाची असेल, तर तो बदलण्यासाठी शांतपणे आणि अभ्यास करून बोला. ऐकणारे थोडे असले तरी बोला.